हुशार आहे, पण शाळेत रमत नाही!

सहामाहीची प्रगतिपुस्तकं घरोघर पोचली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा वाढतो. बहुतेक पत्रांत ‘गणितात कच्चा आहे’, ‘पुस्तक हातात धरत नाही’ अशा तक्रारी असतात. या खेपेला मात्र तीन-चार पत्रं वेगळी आली. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक भगिनी लिहितात, ‘मुलगी चौथीत आहे. घरी आजोबांच्या पेपरातलं शब्दकोडं ओढून घेते. चंद्र रोज उशिरा का उगवतो म्हणून महिनाभर गच्चीवर जाऊन वेळा लिहून ठेवल्या. आणि प्रगतिपुस्तकात शेरा आला: हुशार, पण वर्गात लक्ष नसते, शेजारच्या मुलींशी बोलते. आता मी मुलीला रागावू, की बाईंशी जाऊन भांडू?’

दोन्ही नको, बरं का! पण हा शेरा वाचून गप्पही बसू नका. नापास होणाऱ्या मुलाकडे सगळ्या घराचं लक्ष जातं. शिकवणी लागते, देवाला नवस बोलले जातात. हुशार मुलाकडे मात्र ‘त्याचं काय, तो आपला आपण शिकेल’ म्हणून कोणी बघत नाही. तो पहिल्या पाचांत येतो ना, मग झालं! त्या मुलाचा शाळेतला दिवस कसा जातो, हे आपण विचारतच नाही. मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, त्यामुळे हा दिवस फळ्याच्या बाजूनं रोज पाहते. आज त्याबद्दलच थोडं सविस्तर लिहिते.

हे मूल ओळखायचं कसं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ज्याचं पाठांतर चांगलं, अक्षर मोत्यासारखं, वही वेळेवर पूर्ण, ते मूल कष्टाळू आणि गुणीच असतं. पण आज आपण ज्याच्याविषयी बोलतोय ते मूल नेहमी असं असेलच असं नाही. त्याची वही कदाचित अर्धवट असेल. दहा गणितांपैकी तीन सोडवून ‘बाकीची तशीच आहेत’ म्हणून तो उठेल. त्याला उत्तर येतं, पण पायऱ्या लिहायचा कंटाळा. तो एकच विषय धरून बसेल. महिनाभर फक्त रेल्वेचं वेळापत्रक, मग दोन महिने मुंग्या! ‘का?’ हा प्रश्न संपत नाही, आणि आपण दिलेल्या उत्तरातली फट त्याला बरोबर सापडते. गप्पा मारायला त्याला मोठी माणसं आवडतात. लहानशा अन्यायानं डोळ्यांत पाणी येतं. विनोद मात्र वयाच्या मानानं पुढचे कळतात.

यातलं सगळंच एका मुलात दिसेल असं नाही. आणि दोन-चार गोष्टी दिसल्या म्हणून लगेच बुद्ध्यंक काढायला धावायचीही गरज नाही. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ साली बुद्धिमापन चाचण्या घेऊन हजाराच्या वर तल्लख मुलं निवडली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. गंमत अशी, की त्या चाचण्यांत न निवडली गेलेली दोन मुलं, शॉकली आणि अल्व्हारेझ, पुढे पदार्थविज्ञानाच्या नोबेलची मानकरी ठरली! चाचणीचा उपयोग जरूर आहे, पण आईच्या नजरेलाही किंमत आहे.

मात्र ‘वर्गात कंटाळतो’ म्हणजे हुशारच असणार, हा उलटा हिशेबही करू नका. आधी साध्या गोष्टी तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतं ना? कानानं नीट ऐकू येतं ना? रात्री अकरापर्यंत मोबाइल बघून सकाळी सातच्या शाळेत पेंगत तर नाही ना? इंग्रजी माध्यमात घातलं आहे आणि भाषाच डोक्यावरून जाते आहे, असं तर नाही? आणि आणखी एक. काही मुलं बोलण्यात, विचारात अतिशय तरतरीत असतात, पण वाचताना अक्षरं अडखळतात, लिहिताना शब्द उलटसुलट होतात. अशा मुलाच्या हुशारीमुळे त्याची अडचण झाकली जाते आणि अडचणीमुळे हुशारी! ‘येत असून मुद्दाम करत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. शंका आली तर ते जाणकाराकडून तपासून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नुसता कंटाळा, त्याचं काय एवढं?

सासूबाई म्हणतील, ‘आमच्या वेळी कुठे होतं असलं? बसायचं मुकाट.’ खरं आहे, थोडा कंटाळा सर्वांनाच सोसावा लागतो, आणि तो सोसायला शिकावंही. पण रोज पाच तास, वर्षाचे दोनशेवर दिवस, जे येतं तेच पुन्हा ऐकत बसायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. आपल्याला कोणी रोज सकाळी उठवून ‘कणीक कशी भिजवावी’ हा धडा दिला, तर आपण चौथ्या दिवशी काय करू? शेजारणीशी बोलूच ना!

त्या मुलांपुढे तीन वाटा असतात. काही खोडकर होतात. काही खिडकीबाहेर बघत आपल्याच जगात जातात. तिसरी वाट सर्वांत वाईट, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही: मूल आपली हुशारी लपवायला लागतं. माझ्या एका वर्गात अशी मुलगी होती. तोंडी विचारलं की उत्तर चटकन ओठांवर यायचं आणि तिथंच थांबायचं. वहीत बरोबर उत्तर लिहून ते खोडरबरानं पुसलेलं असायचं, वर चुकीचं लिहिलेलं. मधल्या सुट्टीत खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘सगळी बरोबर आली की मुली मला शहाणी म्हणतात आणि लगोरीत घेत नाहीत.’ नऊ वर्षांची पोर! तिनं आपला सौदा केला होता, दोन गणितं चुकवायची आणि खेळात जागा मिळवायची. घरी मात्र आई-वडिलांना वाटत होतं, की मुलीचा अभ्यास यंदा जरा घसरला.

मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं, असा माझा अनुभव आहे. मुलगा प्रश्न विचारतो तो ‘चौकस’, आणि मुलगी विचारते ती ‘आगाऊ’. हे आपणच, बायकाच, किती सहज बोलून जातो!

आणखी एक धोका आहे, तो पुढे सातवी-आठवीत कळतो. ज्या मुलाला चौथीपर्यंत कधी डोकं खाजवावंच लागलं नाही, त्याला प्रयत्न करायची सवयच लागत नाही. मग बीजगणित येतं, पहिल्यांदाच एखादी गोष्ट पटकन येत नाही, आणि ते मूल घाबरतं. त्याला वाटतं, ‘मी हुशार नाहीच, इतके दिवस सर्वांना फसवत होतो.’ ज्यांनी आधीपासून धडपडत, पडत-उठत अभ्यास केला, ती मुलं तेव्हा त्याच्या पुढे निघून जातात. म्हणून हुशार मुलाला लहानपणीच अवघड काहीतरी मिळायला हवं. पुढे जाण्यासाठी तर हवंच, पण न जमण्याची ओळख व्हावी म्हणूनही हवं.

घरातला फळा

आता तुम्ही म्हणाल, यासाठी घरी काय करायचं? पुढच्या इयत्तेची पुस्तकं आणून द्यायची? नको! पाचवीचं पुस्तक चौथीतच संपवलं, तर पुढच्या वर्षी कंटाळा दुप्पट होईल. मुलाला पुढे ढकलण्यापेक्षा आहे त्याच विषयात खोल जाऊ द्या.

डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात लहानपणची हकीकत सांगितली आहे. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. घरात भिंतीवर फळे होते. जयंतराव शाळेत असताना त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडे येऊन राहिले. मामा काय करीत? फळ्यावर भाच्याच्या नावे आव्हान म्हणून गणिताचा एखादा प्रश्न लिहून ठेवीत. सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत तो फळ्यावरच राही. शाळेच्या पुस्तकात नसलेला, नेहमीच्या रीतीनं न सुटणारा प्रश्न! उत्तर लगेच सांगायचं नाही, घाई करायची नाही, गुण द्यायचे नाहीत.

आपल्याकडे प्राध्यापक वडील नसतील, मामाही गावी असेल. पण फळा तर लावता येईल? स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे काळ्या रंगाचा एक हात मारा, किंवा साधी मोठी पाटी टांगा. आठवड्याला एकच प्रश्न लिहा. पहिल्या आठवड्यासाठी प्रश्न मीच देते, आणि तोही आपल्या मातीतला.

देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी शाळेत शिकवलं, आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत बसले. त्यांना सापडलेली एक संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. ती कशी मिळते पाहा. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा ३५२४. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, ५४३२. लहानात लहान करा, २३४५. वजाबाकी करा: ३०८७. आता याच अंकांचं पुन्हा तसंच करा. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करून पाहा, परत ६१७४ च! कुठलेही चार अंक घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही याच संख्येला येऊन पोचता. शून्य आलं तर ते सोडायचं नाही, तेवढं सांभाळा.

चौथीच्या मुलाला वजाबाकी येतेच. त्याला पानभर वजाबाक्या घातल्या तर तो तोंड वाकडं करील. पण हे दाखवा आणि म्हणा, ‘सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागणारी संख्या शोधून दाखव बरं!’ तुमच्या पोळ्या होईपर्यंत चाळीस वजाबाक्या झालेल्या असतील. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘तीन अंक घेतले तर?’ त्याला ४९५ सापडेल. ‘आणि दोनच घेतले तर?’ इथे गंमत आहे. एका संख्येवर गाडी थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ अशी गोल फिरत राहते. ‘या सगळ्या नवाच्याच पाढ्यात का बरं?’ हा प्रश्न मात्र फळ्यावर राहू द्या, पंधरा दिवस राहिला तरी चालेल. उत्तर तुम्ही सांगू नका. न सुटलेला प्रश्न डोक्यात घेऊन झोपायची सवय लागली, की अर्धं काम झालं.

ज्याला आकड्यांची आवड नाही, त्याला आकडेच द्यायला हवेत असं नाही. भाषेची आवड असेल तर घरातल्या म्हणी गोळा करायला सांगा. आजी बोलते आणि आपण बोलत नाही, अशा शब्दांची वही करू द्या. निरीक्षणाची आवड असेल तर अंगणातल्या एकाच झाडाची वर्षभराची नोंद ठेवू द्या: पानं कधी गळली, पालवी कधी फुटली, कोणता पक्षी आला. हाताला गुण असेल तर बिघडलेलं घड्याळ किंवा जुना रेडिओ उघडू द्या. विजेच्या वायरीला मात्र हात लावायचा नाही, हे आधी बजावून! आणि स्वयंपाकघर तर आहेच. चार माणसांच्या शिऱ्याचं प्रमाण अकरा माणसांसाठी काढायला सांगा. दूध का ऊतू जातं आणि पाणी का जात नाही, हे विचारा. इडलीचं पीठ थंडीत उशिरा का फुगतं, हेही विचारा.

वाचायला काय द्यावं? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंकही आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. मराठी विश्वकोश तसाच मोबाइलवर उघडता येतो. मोबाइल हातात द्यायचाच आहे, तर अर्धा तास तिथं नेऊन बसवा. गावातल्या वाचनालयाची वर्गणी मात्र चुकवू नका. ग्रंथपालांना सांगून ठेवा, की माझ्या मुलाला बालविभागाबाहेरचंही एखादं पुस्तक बघू द्या.

आणि हो, रिकामा वेळ! तबला, कराटे, अबॅकस, इंग्रजी संभाषण असा दिवस ठासून भरू नका. या मुलांना लोळत पडून विचार करायला वेळ लागतो. ते लोळणं आपल्याला आळस वाटतं, पण तेही त्यांचं कामच असतं.

कौतुक किती आणि कसं?

पाहुणे आले की ‘अरे, काकांना सत्तावीसचा पाढा म्हणून दाखव’, हा प्रकार आजच बंद करा. मूल म्हणजे काही शोकेसमधली बाहुली नव्हे.

अमेरिकेत म्यूलर आणि ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पाचवीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना सांगितलं, ‘तू हुशार आहेस’, आणि काहींना सांगितलं, ‘तू चांगले कष्ट घेतलेस.’ पुढे निवड करायची वेळ आली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांचा कल सोप्या, हमखास येणाऱ्या कामाकडे गेला, आणि ‘कष्ट घेतलेस’ म्हटलेल्यांचा नवं शिकवणाऱ्या अवघड कामाकडे. मधे एकदा मुद्दाम कठीण कोडी देऊन हार चाखायला लावली. त्यानंतर ‘हुशार’ मुलांची कामगिरी खालावली. उघडच आहे, हुशार हे नाव एकदा लागलं, की ते जपायची धास्ती बसते.

म्हणून ‘किती गं हुशार!’ याऐवजी ‘हे तुला कसं सुचलं?’ असं विचारा. ‘तीन दिवस सोडलं नाहीस, हे मला आवडलं’ असं म्हणा. आणि शंभरपैकी सत्त्याण्णव आले तर ‘तीन कुठे गेले?’ हा प्रश्न घरात कोणीही, अगदी यजमानांनीसुद्धा, विचारायचा नाही!

बाईंना भेटायला जाताना

आता शाळेकडे वळू. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसते, म्हणून थोडं मोकळेपणानं सांगते. ‘आमच्या मुलाला तुमचं शिकवणं सोपं पडतं’ या वाक्यानं सुरुवात केलीत, तर संभाषण तिथंच संपलं म्हणून समजा. वर्गात पन्नास मुलं असतात. त्यातली दहा अजून वाचायला धडपडत असतात. बाईंना पोषण आहाराची नोंद ठेवायची असते, माहिती भरायची असते. त्यांचं लक्ष मागे पडणाऱ्या मुलांकडे आधी जाणार, आणि ते योग्यही आहे.

तेव्हा पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका. आधी निरोप देऊन वेगळी दहा मिनिटं मागा. जाताना मुलानं घरी केलेलं काहीतरी घेऊन जा: ती वजाबाक्यांची वही, झाडाच्या नोंदी, चंद्राच्या वेळा. बोलण्यापेक्षा वही जास्त बोलते. सुरुवात विचारून करा, ‘वर्गात ती कशी असते? तुम्हाला काय दिसतं?’ आणि बाई सांगतील ते खरोखर ऐका. घरातलं मूल आणि वर्गातलं मूल पुष्कळदा वेगळं असतं. मग लहानशी, जमण्यासारखी मागणी करा. उदाहरणार्थ:

एक – पहिली तीन अवघड गणितं बरोबर आली, तर उरलेली सात सोपी माफ करून त्या वेळात तिला वाचू द्याल का?

दोन – काम लवकर झालं तर काढायला एक कोड्यांची वही मी दप्तरात देऊ का? ती मीच तपासेन, तुम्हाला काम वाढणार नाही.

तीन – भित्तिपत्रक, विज्ञानपेटी, वर्गातलं वाचनालय, असलं एखादं जबाबदारीचं काम तिच्याकडे सोपवाल का?

एक मागणी मात्र करू नका, आणि बाईंनी सुचवली तरी नम्रपणे नको म्हणा: ‘तिचं झालं की ती कच्च्या मुलांना शिकवील.’ कधीमधी ठीक आहे, दुसऱ्याला समजावताना आपल्यालाही समजतं. पण रोज तेच झालं तर ती मुलगी बिनपगारी शिक्षिका होते, तिचं स्वतःचं शिकणं राहूनच जातं. वर मैत्रिणींचा रोष!

मुख्याध्यापकांशी बोलायची वेळ आली, तर एवढं माहीत असू द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष कल आणि प्रतिभा असलेल्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. शिक्षकांनी अशा मुलांना पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, शाळांतून विषयवार मंडळं चालावी, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा आपण काही जगावेगळं मागत नाही. शाळेत शनिवारी तासभर गणितमंडळ काढायला सर तयार झाले, तर एका नव्हे, पंधरा मुलांचं भलं होईल. आणि एखादी पदवीधर आई ते चालवायला पुढे आली, तर सर नाही म्हणणार नाहीत!

‘एक इयत्ता वर चढवून टाकावी का?’ असंही एकीनं विचारलं आहे. पूर्वी असं सर्रास करत. हल्ली वयानुसार वर्ग हा नियम आहे, त्यामुळे शाळा सहसा तयार होत नाहीत. झाली तरी चार गोष्टींचा विचार करा: सगळ्याच विषयांत मूल पुढे आहे, की एकाच? उंची-शरीर, मैत्री, खेळ यांत ते मोठ्या मुलांत टिकेल? आणि मुख्य म्हणजे, त्याला स्वतःला हवं आहे का? एकाच विषयात पुढे असेल, तर त्या विषयापुरती सोय करणं बरं.

एका विषयाचं वेड आणि बाकी सगळ्याकडे पाठ, याची किंमत काय पडते, ते रामानुजनांच्या आयुष्यात दिसतं. कुंभकोणमच्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली होती, पण गणितापुढे दुसरं काही सुचेना, इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. म्हणून वेड जपावं, पण बाकीच्या विषयांत पास होण्यापुरता तरी रोजचा अर्धा तास द्यायला लावावाच.

परीक्षा, स्पर्धा आणि क्लासवाले

सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेला जरूर बसवा. त्यातली बुद्धिमत्ता चाचणी या मुलांना खेळासारखी आवडते. इयत्ता मधूनमधून बदलत आल्या आहेत, त्या शाळेतच विचारून घ्या. सहावी आणि नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढे प्रयोग आणि प्रकल्पही असतात, ही चांगली गोष्ट. चित्रकलेची आवड असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आहेतच. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला सुरू झाली. तिथे पाचवीला चाचण्या घेऊन प्रवेश देतात. पुण्याजवळ राहणाऱ्यांनी चौकशी करावी.

पण मैत्रिणींनो, या स्पर्धांभोवती आता क्लासची दुकानं उभी राहिली आहेत, हे विसरू नका. हजारो रुपये भरून मूल रोज दोन तास उत्तरं पाठ करायला लागलं, तर जो कंटाळा शाळेत होता तोच संध्याकाळीही सुरू! जुन्या प्रश्नपत्रिका आणा, घरीच सोडवू द्या. मूल आपणहून दुसरी मागतं का, एवढंच बघा. मागत असेल तर पुढे जा. नसेल तर पैसे वाचवा आणि त्यातून एक चांगलं भिंग किंवा पृथ्वीचा गोल घ्या.

जाता जाता दोन पत्रांना उत्तरं

एक भगिनी लिहितात, ‘मोठा फार हुशार, धाकटा साधा. धाकटा हिरमुसतो.’ फळा दोघांचा ठेवा. एका आठवड्यात प्रश्न मोठ्याच्या आवडीचा, दुसऱ्या आठवड्यात धाकट्याच्या. धाकट्याला सायकल दुरुस्त करता येत असेल, तर मोठ्याला त्याच्याकडून शिकायला बसवा. आणि दोघांची प्रगतिपुस्तकं एका वेळी, एका टेबलावर उघडू नका.

दुसऱ्या भगिनींचं पत्र मला फार लागलं. ‘मी दहावीनंतर शिकले नाही. त्याच्या प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत. तो म्हणतो, आईला काही कळत नाही.’ बाई, उत्तरं यायलाच हवीत असं कोणी सांगितलं? ‘मलाही माहीत नाही, चल, शोधून काढू’ एवढं म्हणायला पदवी लागत नाही. तो शोधेल, तुम्ही ऐका, आणि न समजलं तर ‘पुन्हा सांग, नीट नाही कळलं’ म्हणून दोनदा विचारा. तुम्हाला समजेल असं सांगताना त्यालाही ते पुरतं समजेल. मात्र ‘आईला काही कळत नाही’ हे वाक्य चालवून घेऊ नका. बुद्धी असली म्हणून उर्मटपणाला सूट नाही, हे त्याला घरातच कळू द्या, आणि ते सांगणारे त्याचे वडील असले तर अधिक बरं.

तुमच्या फळ्यावर कोणता प्रश्न किती दिवस टिकला, मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात परीक्षेच्या दिवसांतले डबे: पोट जड न होणारे आणि सकाळी वीस मिनिटांत होणारे.